फळ पाण्यातून बाहेर कधी काढायचं

एप्रिल लागला की सांगलीत पारा चाळिशीला टेकतो आणि घरोघरच्या फ्रीजमध्ये लिंबाच्या चकत्या, काकडी, पुदिना तरंगणारे काचेचे जार दिसायला लागतात. पहिला ग्लास झकास लागतो. संध्याकाळी तेच पाणी कडू होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सिंकमध्ये जातं. मग दोष लिंबाला, नाहीतर पुदिन्याला. खरं तर दोघांचाही काही गुन्हा नसतो. त्यांना वेळेवर बाहेर काढलेलं नसतं, इतकंच.

इन्फ्युज्ड वॉटर आणि सरबत यांची गल्लत करू नका. रस पिळला, साखर-मीठ घातलं की सरबत झालं. इथे काही पिळायचं नसतं, ढवळायचं नसतं. फळाचा वास आणि जमला तर थोडा रंग गार पाण्यात आपसूक उतरू द्यायचा. हे काम गार पाण्यात सावकाश होतं. आधी वासाची तेलं उतरतात, मग आंबटपणा, आणि शेवटी साल, बिया, देठ यांतला कडवटपणा. शेवटचा पाहुणा दारात यायच्या आत फळ काढून घ्यायचं.

एक लिटर पाण्याला १०० ते १२० ग्रॅम फळ आणि ८-१० पानं हा आमचा ठोकताळा. जार कोरडा असताना फळ-पानं तळाशी घालायची, वरून गार पाणी ओतायचं, झाकण लावून फ्रीजमध्ये. बहुतेक फळांना दोन ते चार तास पुरतात. नंतर गाळून घ्यायचं. गाळलेलं पाणी फ्रीजमध्येच ठेवून २४ तासांत संपवायचं. बाहेर ओट्यावर ठेवलं तर दोन तासांच्या वर नको, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात एक तासच धरा. कापलेलं फळ आणि कोमट पाणी ही जंतूंची मेजवानी असते. उन्हात जार ठेवून 'सन वॉटर' करायचे व्हिडिओ पाहून त्या वाटेला जाऊ नका.

आधी पाण्याचं बघू

पाणीच बेचव असेल तर फळ बिचारं काय करणार? नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रुंद तोंडाच्या पातेल्यात उकळून, जाळीचं झाकण घालून गार होऊ द्या. वास जातो, पण उकळलेलं पाणी मेल्यासारखं लागतं. म्हणून दोन भांड्यांत चार-पाच वेळा उंचावरून खालीवर करा, हवा मिसळली की चव परत येते.

बोअरच्या जड पाण्याची गंमत वेगळी. त्यातले क्षार लिंबाचा, कैरीचा आंबटपणा मारतात. चार चकत्या घालूनही पाणी मिळमिळीत लागतं, मग माणूस आणखी चार घालतो आणि आंबटपणाऐवजी सालीचा कडवटपणा वाढवून बसतो. अशा पाण्यात आंबट फळाच्या मागे लागू नये. काकडी, वाळा, पुदिना, तुळस अशा वासावर चालणाऱ्या गोष्टी घ्याव्यात. आरओच्या पाण्यात नेमकं उलट होतं. त्यात आंबट लगेच जाणवतं, त्यामुळे एक चकती कमीच घाला.

लिंबू

सगळ्यात जास्त बिघडतं ते लिंबूच. आपलं कागदी लिंबू पातळ सालीचं. साल हिरवट-पिवळी, तिच्यात बारीक बारीक तेलाच्या पिशव्या. नखाने जरा खरवडलं की बोटाला येतो तो वास यातलाच. हाच वास पाण्यात हवा असतो. सालीच्या आत पांढरा थर आणि मध्ये बिया, इथे कडवटपणा दडलेला असतो. म्हणून एक लिटरला अर्ध्या लिंबाच्या तीनच चकत्या, सुरीच्या टोकाने बिया उचकटून काढलेल्या, आणि दोन तास. घड्याळ लावा. रात्री घालून सकाळी प्यायचं असेल तर चकत्या विसरा. बटाट्याच्या सोलाण्याने सालीचा वरचा हिरवा-पिवळा पापुद्राच दोन बोटं लांब काढा, पांढरं आलं तर सुरीने खरवडून टाका. तेवढी पट्टी रात्रभर राहिली तरी पाणी कडू होत नाही.

मोसंबीचा रस काढून ठेवला की अर्ध्या-एक तासात कडवट होतो, हे रसाच्या गाड्यावर उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फळ कापलं की त्याच्या पेशी फुटतात आणि आतल्या आंबटाशी गाठ पडून लिमोनिन नावाचं कडू द्रव्य तयार व्हायला लागतं. ताज्या फोडीत ते जवळजवळ नसतं, वेळ जातो तसं वाढतं. पाण्यातही हेच घडतं. मोसंबी घालायची तर साल आणि पांढरा थर पूर्ण काढून, बिया टाकून, आणि दीड तासाच्या आत संपवायच्या बेतानेच घाला. संत्रं थोडं सोसतं, पण त्याचीही रात्र करू नका.

काकडी बिनधोक. अर्धी मध्यम काकडी, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या, चार तासांपासून रात्रभर कितीही. फक्त कापण्याआधी दोन्ही टोकं चाखून बघा. एक कडू काकडी अख्खा जार घालवते, आणि तो कडूपणा पाण्यात उतरला की त्यावर काही इलाज नाही.

पानं

पुदिना खलबत्त्यात कुटणारे खूप दिसतात. पुदिन्याचं तेल पानाच्या पृष्ठभागावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या फुग्यांत असतं. ते फोडायला ठेचायची गरजच नाही. आठ-दहा पानं डाव्या तळहातावर ठेवा आणि उजव्या हाताने एक टाळी वाजवा. एकच. हात नाकाशी नेलात की कळेल, काम झालं. कुटलं की पानाच्या आतला हिरवा रस सुटतो, पाण्याला गवताची चव येते आणि दोन तासांत पानं काळी पडतात. जून देठ घालू नका, कोवळा शेंडा चालेल. आठ तासांच्या आत बाहेर काढायची. पान बुळबुळीत लागलं तर पाण्यासकट टाकायचं.

तुळशीची चार-पाच पानं पुष्कळ झाली. जास्त घातली तर लवंगेसारखी जिभेवर चढते, आणि मग फळाचा मागमूस उरत नाही. पानओव्याचं एकच पान, तेही दोन तुकडे करून. बडीशेप, दालचिनी, वेलदोडा, गवती चहा हे गार पाण्यात फारसे दाद देत नाहीत. त्यांना आधी गरम पाणी लागतं. स्टीलच्या पातेल्यात एक वाटी, म्हणजे साधारण २०० मिली पाणी उकळा, गॅस बंद करा, त्यात गवती चहाची दोन पातं आणि खालचा पांढरा दांडा ठेचून टाका, झाकून सात-आठ मिनिटं ठेवा. गाळा, पूर्ण गार करा, मग ८०० मिली गार पाण्यात मिसळा. हे गरम पाणी थेट काचेच्या जारमध्ये ओतू नका. फ्रीजमधून काढलेला जार असेल तर तडकलाच म्हणून समजा.

आलं सातारी असेल तर हात आखडता घ्या. बोटाच्या पेराएवढा तुकडा, सालीसकट नीट घासून, कागदासारख्या पातळ चार-पाच चकत्या. किसू नका. किसलेल्या आल्यातून पिठूळ साका सुटतो, पाणी गढूळ होतं आणि तासाभराने जारच्या तळाशी पांढरा थर बसलेला दिसतो. खराब झालेलं नसतं ते, पण पाहुण्यांसमोर ठेवायला बरं वाटत नाही.

आता हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे हे लिहिताना जीभ जरा अडखळते, पण ओल्या हळदीच्या चकत्या पाण्यात घालून काहीही साधत नाही. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, ते तेला-तुपात उतरतं. पाण्यात मिळतो तो मातकट वास, आणि जारच्या झाकणाला कायमचा पिवळा डाग. हळद भाजीत घाला.

आपल्याकडची फळं

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी हिवाळ्यात सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत मिळते. पसरणी घाटाच्या आसपास बॉक्स घेताना वरचा थर बघून भुलू नका, बॉक्स उचलून तळ बघा. तळाला लाल पाणी सुटलेलं असेल तर खालची फळं दबलेली आहेत. पाण्यासाठी देठाच्या टोपीपर्यंत लाल झालेलंच फळ हवं. टोपीजवळ पांढरं राहिलेलं फळ घरी ठेवून पिकत नाही आणि वासही देत नाही. धुताना देठ ठेवूनच धुवा. देठ काढून धुतली तर भोकातून पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. एक लिटरला सहा-सात मध्यम फळं, उभी चार तुकडे करून. अर्ध्या तासात पाण्याला गुलाबी छटा येते, तीन तासांत सगळा वास उतरतो. त्यानंतर फळ पांढुरकं, लिबलिबीत होऊन पाण्यात विरायला लागतं. पुदिन्यापेक्षा तुळस तिच्याशी जास्त जुळते, हे आमचं मत. हंगामात एक किलो घेऊन, धुऊन, पुसून, ताटलीत सुटी सुटी गोठवून मग पिशवीत भरून ठेवली तर मेमध्ये बर्फाऐवजी तीच घालता येते. पाणीही गार राहतं आणि पातळही होत नाही. तुतीही तशीच करता येते, फक्त ती रंग भराभर सोडते, तासाभरात बघा.

तासगाव-पलूसकडची द्राक्षं अख्खी घालून काही होत नाही. साल जाड, वरून मेणाचा पांढरा थर. तो थर फळाचा स्वतःचा असतो, औषध नव्हे. पण औषधफवारणी द्राक्षावर होते हेही खरं, म्हणून धुण्यात कुचराई नको. एक लिटर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा, त्यात घड सुटे करून १२ ते १५ मिनिटं, मग वाहत्या पाण्यात दोनदा. सोड्याने सालीवरचं बरंचसं निघतं, सालीच्या आत शिरलेलं निघत नाही. हीच पद्धत काकडी, लिंबू, सफरचंदाला. स्ट्रॉबेरीला नको, ती सोड्याच्या पाण्यात मऊ पडते. तिला नुसतं वाहतं पाणी. आणि धुणं नेहमी कापण्याआधी. द्राक्ष उभं चिरायचं, पंधरा-वीस पुरे. शरदसारखं काळं द्राक्ष घेतलं तर सालीतून फिकट जांभळा रंग उतरतो. हिरव्या द्राक्षाच्या पाण्याला स्वतःचा असा फार वास नाही, त्याला आल्याच्या दोन चकत्यांची सोबत हवी.

आटपाडी-जतची डाळिंबं चांगली, पण अख्खे दाणे पाण्यात आठ तास ठेवले तरी तसेच. अर्धी वाटी दाणे स्टीलच्या वाटीच्या बुडाने पाच-सहा वेळा दाबा, फुटले की पुरे, लगदा नको. पिवळा-पांढरा पापुद्रा एकही राहू देऊ नका. तोंडाला मिठी बसते ती त्यानेच.

कैरीची वेळ चैत्रात येते. देठाकडचा भाग कापून कैरी उपडी ठेवा, चीक गळू द्या, मग अर्धा तास पाण्यात. चीक पाण्यात राहिला तर घशाला खवखवतो. साल काढून ७०-८० ग्रॅमच्या पातळ फोडी, पुदिना, चार तास. पन्ह्यासारखं जड नाही, जेवणाबरोबर चालतं. आमसुलं चार-पाच पुरतात, लाल रंग अर्ध्या तासात उतरतो. मिठाची आमसुलं असतील तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पाणी खारट.

कलिंगड दिसायला छान, पण दोन तासांत पाणी गढूळ करतं आणि सगळ्यात आधी आंबतं. लगेच प्यायचं असेल तरच. केळी, चिकू, पपई पाण्यात घालू नका, खायला ठेवा.

वाळा आणि माठ

इन्फ्युज्ड वॉटर हे नाव यायच्या कितीतरी आधीपासून माठात वाळ्याची जुडी पडते आहे. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची मुळं आणा. हातात घेऊन झटकली की माती पडते, म्हणून तीन-चार पाण्यांत धुवा, मग दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजवून ते पाणी झाडांना घाला. पाच लिटरच्या माठाला १० ते १५ ग्रॅम, पांढऱ्या सुती दोऱ्याने घट्ट बांधून, किंवा मलमलच्या पुरचुंडीत. वास उतरायला चार-सहा तास. पाणी रोज बदला, दर तिसऱ्या दिवशी जुडी अर्धा दिवस कडक उन्हात वाळवा. दोन-तीन आठवड्यांनी वास मंदावतो, तेव्हा नवी. बोटाला बुळबुळीत लागली तर त्याआधीच टाका.

इथे कुणी विचारेल, वाळा चालतो तर माठात लिंबू-स्ट्रॉबेरी का नको? वाळा म्हणजे वाळलेलं, काष्ठासारखं मूळ. त्याच्यातून वास येतो, गोड रस येत नाही. फळाचा गोड-आंबट रस मातीच्या छिद्रांत शिरतो, तिथे बुरशी धरते आणि घासूनही निघत नाही. एकदा फळ घातलेल्या माठाला कायमचा आंबूस वास लागतो. शिवाय माठ गार करतो तो पाझरून, पाण्याची वाफ होऊन. सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी चांगलं गार होतं, पण फ्रीजइतकं नाही, आणि कापलेल्या फळाला फ्रीजचाच गारवा लागतो. बाहेरून ऑइलपेंट लावलेला शोभेचा माठ तर पाझरतच नाही.

तांब्याच्या भांड्यात नुसतं पाणी ठेवा, हरकत नाही. लिंबू, आमसूल, कैरी, काहीही आंबट त्यात नको. आंबटाने तांबं पाण्यात उतरतं. कल्हई नसलेल्या पितळेलाही तोच नियम. काच उत्तम, स्टील चालतं. प्लॅस्टिकच्या बाटलीत परवाचा पुदिना आजच्या स्ट्रॉबेरीत भेटतो.

मोगऱ्याच्या पाच-सहा कळ्या झाकलेल्या तांब्याभर पाण्यात तासभर ठेवल्या तरी पुरे, पण घरच्या वेलाच्या, बिनफवारणीच्या. गजऱ्यातल्या नको. गोकर्णीची सहा निळी फुलं, हिरवी टोपी काढून, अर्धी वाटी गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की शाईसारखा निळा रंग मिळतो. तो लिटरभर गार पाण्यात मिसळा आणि पोरांच्या समोर लिंबाचे चार थेंब टाका, निळ्याचं जांभळं होताना दिसतं. आंबटाने रंग बदलणं हा त्या रंगद्रव्याचा स्वभाव. चवीला मात्र काही नाही. आणि फूल सुंदर म्हणून पाण्यात घालायचं नसतं. कण्हेर विषारी आहे.

'डिटॉक्स' म्हणून जे विकलं जातं त्यावर फार शाई घालवत नाही. शरीरातला कचरा काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, काकडी नाही. जीवनसत्त्वं पाण्यात नाममात्र उतरतात, ती हवी असतील तर फळ खा. फायदा एवढाच आणि तो थोडा नाही, की ज्याला साधं पाणी जात नाही तो यामुळे दोन ग्लास जास्त पितो, आणि बाटलीबंद गोड पेयांची साखर टळते. लिंबू-कैरीचं पाणी दिवसभर घोट-घोट पिऊ नका, दातांवरचं आवरण झिजतं. एका बैठकीत प्या आणि साध्या पाण्याने चूळ भरा. पपनस घालणार असाल आणि घरात कुणाला कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांचा परिणाम त्याने वाढतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने पाणी आणि फळं दोन्ही मोजूनच.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला वीस लिटरचा जार भरायचा असेल तर सगळं त्यातच टाकू नका, तो फ्रीजमध्ये मावणार नाही. आदल्या रात्री दोन-दोन लिटरच्या तीन भांड्यांत मिळून दीड किलो काकडी आणि चार मुठी पुदिना घालून फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी गाळा आणि ते सहा लिटर १४ लिटर गार पाण्यात मिसळा. शोभेला ताज्या चकत्या वाढताना ग्लासात. बर्फ वेगळा ठेवा.

फळं पाण्यावर तरंगतात आणि वर उघडा राहिलेला भाग आधी काळा पडतो, म्हणून वर एखादी छोटी काचेची वाटी दाबून ठेवा. झाकण लावाच, नाहीतर पाण्याला शेजारच्या डब्यातल्या लसणाचा वास लागतो. पाणी संपल्यावर त्याच फळावर एकदा, त्याच दिवशी, पुन्हा पाणी घालता येतं, मात्र अर्ध्याच मापाने. तिसऱ्यांदा फक्त रंगीत पाणी मिळतं. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, कडेला बुडबुडे दिसले किंवा वास ताडीकडे झुकला तर चाखून बघायच्या भानगडीत पडू नका. पाणी नीट असेल तर गाळून काढलेली काकडी कोशिंबिरीत जाते, द्राक्षं तशीच खाता येतात, लिंबाच्या चकत्यांनी सिंक घासा.

आणि जार धुताना झाकणातलं रबर सुरीच्या बोथट टोकाने उचकटून काढा. त्याच्या खाली काळी रेघ दिसली तर पाणी का नासतंय ते तुम्हाला कळेल. रबर गरम पाण्यात सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच परत बसवा.